म्यानाचा रंग पायाला

शनिवारी दुपारी एस्टिल नेपियरने मेहुण्यासाठी बनवलेली कुऱ्हाड स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि टेबलाखाली स्वतःचे दोन्ही पाय चहाने भरलेल्या घमेल्यात सोडले. दोन्हीमागचं कारण एकच होतं. उद्या चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुण्याचा रविवार होता.

कुऱ्हाड म्हणजे लाकडं फोडायची नव्हे. टॉमाहॉक, हलकी, हातातून भिरकावायची. आमच्या घळीतले पुरुष ओंडक्यावर पत्त्यांच्या जोडातलं एक पान लावतात आणि दहा पावलांवरून टॉमाहॉक फेकून ते कापतात. पत्ते खेळणं पाप आहे. पण कुऱ्हाडीने कापायला हरकत नाही, असा निवाडा आमच्या चर्चच्या एल्डर टॉलिव्हरनी फार पूर्वीच देऊन ठेवला आहे.

अशाच एका पानावरून भांडण झालं होतं. एस्टिलची बायको व्हेस्टा तीन वर्षांपूर्वी वसंतात गेली. त्याच वर्षी पानगळीतल्या मेळाव्यात एस्टिलने बदामची राणी मधोमध कापली. पंच होता ऑर्बिन स्टेसी, व्हेस्टाचा थोरला भाऊ. ऑर्बिनने पान उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे आधीच फाटलेलं होतं."

"आधीच? माझ्या डोळ्यांदेखत फाटलं!"

"तुझे डोळे सदुसष्ट वर्षांचे आहेत, एस्टिल."

"आणि तुझे एकाहत्तर!"

एवढंच. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. असली भांडणं त्या दोघांमध्ये चाळीस वर्षं होत आली होती. पण मध्ये पडून "पुरे आता, जेवायला चला" म्हणणारी जी एक होती ती आता नव्हती, म्हणून हे भांडण मिटायचं राहूनच गेलं.

दोघांची घरं ओढ्याच्या दोन काठांना, मधे लाकडी साकव. साकवावर शेवाळ चढलं. मनात अढी ठेवून भावाचे पाय धुवायचे नाहीत, असा आमच्या मंडळीचा नियम. त्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या त्या रविवारी दोघेही दोन वर्षं मागच्या बाकावर बसून राहिले, दोन टोकांना. एस्टिलचा डावा गुडघा दुखत होता, ऑर्बिनचा उजवा. दोन्ही गुडघे एकाच आठवड्यात कसे धरले, असं मंडळीतल्या कोणीही विचारलं नाही.

यंदा एस्टिलने गुडघा बरा करायचं ठरवलं होतं. त्याला कारण घडलं हिवाळ्यात. एका सकाळी रेडिओवर हवामान सांगणारा माणूस शेवटी "सांभाळून राहा" म्हणाला आणि एस्टिलने त्याला "तूही रे" असं उत्तर दिलं. मग त्याच्या लक्षात आलं, अकरा दिवसांत आपण एवढंच बोललो.

'माफ कर' हे शब्द काही जमणार नव्हते. हात मात्र अजून चालत होते. म्हणून त्याने बाजारातून एक साधं पातं आणलं. व्हिनेगरमध्ये बुडवून त्याचा रंग उतरवला, कानशीने धार काढली. हिकरीच्या लाकडाचा दांडा घासून त्याला आधी कडक चहा पाजला आणि वरून ते दुसरं पाणी फिरवलं. दुसरं पाणी म्हणजे ज्यात भांडी घासायची लोखंडी घासणी आठवडाभर विरघळवलीय असं व्हिनेगर. चहावर ते पडलं की लाकूड बघता बघता काळं होतं, जणू आजोबांच्या हातातलं. मग जाड चामडं कापून, आरीने भोकं पाडून, मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांनी त्याचं म्यान शिवलं. त्यावर ऑर्बिनची आद्याक्षरं ठोकली. म्यानाला तोच काळा रंग द्यायचा तेवढा उरला होता. संध्याकाळी हे सगळं ऑर्बिनच्या ओसरीवर ठेवायचं, न बोलता परत यायचं. उद्या ऑर्बिन गंगाळ घेऊन आला तर आला.

आला, तर पाय चांगले हवेत. पाय धुण्याच्या रविवारी घाणेरडे पाय घेऊन कोणीच जात नाही. शनिवारी घरोघर पाय असे घासले जातात की रविवारी गंगाळातलं पाणी शेवटपर्यंत पिण्याजोगं राहतं. व्हेस्टाचा उपाय ठरलेला असायचा: अर्धा तास चहात, मग अर्धा तास व्हिनेगरमध्ये. चहाने वास जातो, व्हिनेगरने नखं सुधारतात. दांड्याचा उरलेला चहा होताच. एस्टिलने टेपरेकॉर्डर लावला.

कॅसेट देवाघरी गेलेल्या एल्डर कॉर्बेटच्या प्रवचनाची होती. आमच्याकडे चर्चमध्ये वाद्य नसतं, आणि लागतही नाही. कॉर्बेट आधी साधं बोलायचे, शेजाऱ्याशी बोलावं तसं. पाव तासाने श्वास ताल धरायचा, ओळीच्या शेवटी 'हाऽ' यायचा, आणि मग बोलणं कधी संपलं नि गाणं कधी सुरू झालं ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. कळायचं ते एवढंच, की आपला रुमाल ओला आहे. व्हेस्टाने मशीन मांडीवर धरून हे प्रवचन टिपलं होतं. अडतिसाव्या मिनिटाला, सूर अगदी टिपेला असताना, मशीनच्या जवळून एक दबका आवाज येतो: "ऑर्बिन, सरक जरा. माणसं उभी आहेत."

एस्टिल दर शनिवारी त्या वाक्याची वाट बघायचा. ज्याचं नाव तो तोंडाने घेत नव्हता ते त्याच्याच स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा घेतलं जायचं, आणि तेही तिच्या आवाजात.

चहाचा अर्धा तास झाला. त्याने चहा बादलीत ओतला आणि ओट्याखाली हात घातला. तिथे व्हिनेगरचे दोन कॅन होते. एकात व्हिनेगर होतं. दुसऱ्यात गुरुवारी त्याने स्वतःच ते घासणीचं पाणी गाळून भरलं होतं, कारण बरणीत गंजाचे कण फार झाले होते. दिसायला दोन्ही सारखी, वासही एकच. एस्टिलचं लक्ष कॉर्बेटकडे. हाताला आला तो कॅन त्याने ओतला.

"ऑर्बिन, सरक जरा," व्हेस्टा म्हणाली. एस्टिल डोळे मिटून बसला. ते उघडले तेव्हा पाय करडे झाले होते.

दुसरा कोणी घाबरला असता. पण एस्टिलने एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली होती. खाणीतल्या माणसाच्या कातडीत कोळसा मुरतो, तो मरेपर्यंत निघत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. एस्टिलने पाय वर उचलून पाहिला आणि त्याचं मन भरून आलं. कोळसा बाहेर येत होता! इतक्या वर्षांनी, नेमका आजच! देवाचं काम अर्धवट ठेवू नये म्हणून त्याने पाय पुन्हा चहात बुडवले, पुन्हा व्हिनेगरमध्ये. पाय काळेकुट्ट झाले, घोट्यापर्यंत.

पाच वाजता ओहायोहून मुलीचा, रीवाचा, फोन आला.

"बाबा, काय चाललंय?"

"रीवा, चमत्कार झालाय. एकतीस वर्षांचा कोळसा बाहेर आला."

"कुठून?"

"पायांतून. दोन्ही पाय काळे झालेत."

"काळे म्हणजे किती काळे?"

"कोळशाइतके. बोटं तर निळी मारतायत."

"दुखतात का?"

"छे! काही जाणवतसुद्धा नाही."

"जाणवत नाही?" रीवाचा आवाज चढला. "बाबा, तुमची साखर मागच्या वेळेला किती होती?"

"साखरेचं काय मधेच? कोळशाचं बोलतोय मी."

"धुऊन निघतंय का ते?"

"कसं निघेल? आतून आलंय ना."

"बाबा, ताबडतोब हॉस्पिटलला जा! नको, गाडी चालवू नका. चालूसुद्धा नका! शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मामा आहे की."

"तो घरी नसतो."

"मामाचा ट्रक तुमच्या खिडकीतून दिसतो. आत्ता दिसतोय का?"

एस्टिलने खिडकीतून पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "दिसतोय," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मुलगी शहरात राहून भित्री झाली, असं म्हणत त्याने म्यान पुढ्यात ओढलं. रंगाची बरणी शोधली. ती रिकामी, धुतलेली. तेव्हा त्याला गुरुवार आठवला. त्याने कॅनमधलं थोडं पाणी फडक्यावर घेतलं, म्यानावरून फिरवलं. चामडं करडं झालं, मग काळं झालं, मग जरासं निळं मारायला लागलं.

एस्टिलने म्यानाकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं. पुन्हा म्यानाकडे पाहिलं. कमावलेलं चामडं काय, नि सत्तर वर्षं वापरलेलं काय. रंग कसा सारखा बसला होता.

त्याने खाणीतला साबण काढला, वाळू काढली, भांड्यांची पावडर काढली. काही फरक नाही. शेवटी खायचा सोडा चोळला. काळा रंग पक्का आणि चकचकीत करायचा तर वरून सोडा लावतात, हे त्याला सोडा लावून झाल्यावर आठवलं. रीवाला नऊ वेळा फोन केला, तो नऊही वेळा एंगेज. आणि मग दाराशी गाडी थांबली.

एस्टिलने मोजे चढवले, त्यावर बूट चढवले आणि कुऱ्हाड म्यानासकट ओव्हनमध्ये लपवली. एल्डर टॉलिव्हर आत आले. आठवडाभर ते शाळेची बस चालवतात, रविवारी मंडळी सांभाळतात. दोन्ही ठिकाणी त्यांचा आवाज तोच. हातात झाकलेलं भांडं होतं.

"सिस्टर ओमाने कोंबडी आणि डम्पलिंग पाठवलंय, ब्रदर एस्टिल. बसा, बसा, उठू नका! मी ओव्हनमध्ये गरम करतो."

"नको!" एस्टिल ओरडला. "मला थंडच आवडतं."

ज्या माणसाला ओमाचं डम्पलिंग थंड आवडतं त्याचं फार उरलेलं नाही, हे एल्डरना तिथेच कळलं. ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"पाय दाखवता?"

"दाखवण्यासारखं काही नाही."

"लाज कसली? आपण सगळेच मातीचे."

"एल्डर, तसलं काही नाही हो. तो फक्त..."

"मला ऑर्बिनचा फोन आला होता," एल्डर हळू म्हणाले. "त्याला रीवाने कळवलं. बोलता येत नव्हतं त्याला. म्हणाला, दोन वर्षं मी गुडघ्याचं सोंग केलं. उद्या एस्टिलचे पाय मी धुणार. आहेत तोवर."

एस्टिलचं तोंड उघडंच होतं. पुढचे दोनच शब्द होते: रंग आहे. ते सांगितले की भीती संपली, आणि भीती संपली की ऑर्बिनचा गुडघा कदाचित पुन्हा दुखायला लागला असता. एस्टिलने तोंड मिटलं. खोटं तो बोलला नाही. खरं गिळलं एवढंच, आणि ते थंड डम्पलिंगपेक्षाही जड गेलं.

सकाळी चर्चमध्ये गाणं सुरू झालं. एकाने ओळ सांगायची, मंडळीने ती डोंगरावरून धुकं उतरावं तशी लांबवत गायची, आणि गाता गाता सगळ्यांनी सगळ्यांचा हात हातात घ्यायचा, अशी आमची रीत. त्या दिवशी एस्टिलचा हात कोणी सोडेचना. सिस्टर ओमाने तर त्याच्या बुटांकडे पाहून डोळ्यांना हातातला विणलेला टॉवेलच लावला. एस्टिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं तेव्हा त्याने ते तसंच पुढे सरकवलं. गिळलेलं खरं घशात असताना भाकर कुठून उतरणार?

एल्डर टॉलिव्हर उभे राहिले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याबद्दल दहा मिनिटं बोलले आणि मग सूर लागला.

"आणि तो जेवणावरून उठला, हाऽ! त्यानं कमरेला रुमाल बांधला, हाऽ! आणि त्यानं विचारलं नाही रे, हाऽ, हे पाय आले कुठल्या वाटेनं, हाऽ! त्यानं विचारलं नाही, हाऽ, हे पाय उद्या कुठं पळतील, हाऽ!"

गंगाळं बाहेर आली. समोरच्या टोकाकडून ऑर्बिन आला, कमरेला टॉवेल बांधलेला. पावणेतीन वर्षांत तो बराच वाकला होता. एस्टिलला हे कळलं नव्हतं. खिडकीतून त्याला फक्त ट्रक दिसायचा.

"गुडघा?" ऑर्बिनने विचारलं.

"बरा आहे. तुझा?"

"बरा आहे." ऑर्बिन खाली बसला. दोन्ही गुडघे एवढ्या मोठ्याने वाजले की पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून पाहिलं. त्याने एस्टिलच्या बुटाची नाडी सोडली.

"ऑर्बिन, थांब," एस्टिल कुजबुजला. "मी मरत नाहीये."

"सगळे असंच म्हणतात."

"अरे, ऐक तर! तुला फसवून पाय धुवून घ्यायचे नाहीत मला. रंग आहे तो. काल एल्डरना सांगणार होतो, पण तू येणार हे कळलं आणि... मग नाही सांगितलं."

तोवर मोजा निघाला होता. मंडळीतून एक हाय उठली. ऑर्बिन बघत राहिला. मग त्याने नाक जरा खाली नेलं. चाळीस वर्षं दोघांनी एकाच बाकावर बसून चामडं शिवलं होतं.

"व्हिनेगर?"

"हं."

"घासणीचं?"

"हं."

"आधी चहा पाजलास?"

"दोनदा. मला वाटलं, कोळसा बाहेर येतोय."

ऑर्बिनने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. "बघा, भाऊ भावासाठी कसा रडतोय!" सिस्टर ओमा म्हणाली, आणि गाणं छपराला भिडलं. ऑर्बिन तसाच हलत हलत पाय धूत राहिला. एकदाच त्याने वर न बघता विचारलं, "सोडा तर नाही ना लावलास?"

"लावला."

मग मात्र ऑर्बिनने अख्खं तोंड टॉवेलमध्ये घातलं. एल्डरही रडले. टॉवेल बाजूला झाला तेव्हा एक थेंब टपकन गंगाळात पडला.

"घाम आहे," ऑर्बिन म्हणाला.

मग एस्टिल खाली बसला. ऑर्बिनचे पाय गुलाबी, लख्ख होते.

"चहात ठेवलेस काय रे?"

"मग! व्हेस्टा शिकली कोणाकडून? आमच्या आईकडून. फक्त आम्ही कॅनवरचं लेबल वाचायचो."

"लेबल बरोबरच होतं," एस्टिल म्हणाला.

गाणं संपल्यावर तो उभा राहिला आणि त्याने मंडळीला सगळं सांगितलं: घासणी, चहा, कॅन, गिळलेले दोन शब्द. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकला.

"मग माझं भांडं परत कर," सिस्टर ओमा म्हणाली. "आणि डम्पलिंग उरलं असेल तर तेही."

"उरलं नाही," एस्टिल म्हणाला.

"थंड खाल्लंस?"

"थंड."

"भोगलंस म्हणायचं," ओमा म्हणाली, आणि तिथे पहिला हशा झाला. एल्डरनी भाकरीचं ताट पुन्हा त्याच्यापुढे आणलं. ऑर्बिनने चर्चच्या दारातूनच रीवाला फोन लावला. "पाय शाबूत आहेत," तो म्हणाला. "डोकं गेलंय. पण ते जुनंच."

दुपारी ऑर्बिन साकव ओलांडून आला, शेवाळावर एकदा घसरून. एस्टिलने आत कॉर्बेटची कॅसेट लावली आणि ओसरीवरच्या झुल्यावर दोघे शेजारी बसले. एस्टिलने ओव्हनमधून कुऱ्हाड काढून आणली. ऑर्बिनने ती हातावर तोलली, धारेवर अंगठा फिरवला, दांड्याला नाक लावलं. म्यान एस्टिलच्या पायांशेजारी धरून पाहिलं.

"जोडी जमलीय," तो म्हणाला. मग त्याने म्यानात बोट घातलं आणि आतून पान निघालं. बदामची राणी, दोन तुकड्यांत.

एस्टिल ओढ्याकडे बघत होता. "आधीच फाटलेलं होतं ते," तो म्हणाला. "तू म्हणालास ते बरोबर."

ऑर्बिनने दोन्ही तुकडे उजेडात धरले. "नव्हतं. सरळ चिरलंय. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. वाटलं, आता व्हेस्टा हाक मारेल."

एस्टिल म्हणाला, "तरी फाटलेलंच होतं."

"नव्हतं म्हणतो ना!"

"मी फेकली का तू फेकलीस? फाटलेलं होतं!"

"पंच कोण होता? नव्हतं!"

आवाज चढत चढत ओढ्यापार गेले. आत टेप चालूच होता. कॉर्बेट टिपेला पोचले होते, हाऽ आणि हाऽ, आणि अडतिसावं मिनिट भरलं.

"ऑर्बिन, सरक जरा," व्हेस्टा म्हणाली. "माणसं उभी आहेत."

ऑर्बिन वाक्य अर्धवट सोडून सरकला. झुल्यावर दोघांच्या मधे एका माणसाची जागा झाली. कॅसेट संपेपर्यंत ती तशीच राहिली. ऑर्बिनने कुऱ्हाडसुद्धा तिथे ठेवली नाही, मांडीवरच धरली.